पर्समधली गोळी
दर महिन्याला पोटावर उशी दाबून ऑफिस गाठणाऱ्यांसाठी... आणि हो, त्यांच्या बॉससाठीही!

सकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली एक मुलगी एकदम पुढे वाकली आणि तिने स्वतःच्या सॅकवर डोकं टेकवलं. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, चेहरा पांढराफटक. डब्यात कुणीही 'काय झालं?' असं विचारलं नाही. गरजच नव्हती! अर्ध्या मिनिटात चार पर्सच्या चेनी उघडल्या आणि चार स्ट्रिप्स बाहेर आल्या.

स्ट्रिपबरोबर सल्लाही फ्री. 'ही घे, दहा मिनिटांत बघ कशी नाचायला लागतेस.' 'उपाशीपोटी नको गं, आधी बिस्कीट खा.' खिडकीतल्या काकू म्हणाल्या, 'गोळ्यांची सवय लागते बाई, आम्ही नाही काढले दिवस?' आणि चौथीने ब्रह्मवाक्य ऐकवलं, 'लग्न झालं की जातं सगळं.' ती मुलगी कसनुसं हसली आणि म्हणाली, 'थोडा वेळ बघते. अगदीच सहन नाही झालं तर घेईन.'

पाचवी पर्स माझी होती. त्यातही तीच गोळी होती. आणि 'थोडा वेळ बघते' हे वाक्य तर मी बारा-तेरा वर्षं दर महिन्याला म्हणत आलेय. मास कॉमला असताना आमचे सर प्रत्येक बातमीवर एकच प्रश्न विचारायचे, 'सोर्स काय?' घाटकोपर येईपर्यंत माझ्या डोक्यात तोच घोळत होता. या चार सल्ल्यांचा सोर्स काय? पाळीच्या दुखण्यावर जगात कुणी धड रिसर्च केलाय की नाही? केलाय. आणि त्यातला बराचसा माझ्या जन्माच्या आधीचा आहे, हे कळल्यावर आधी हसू आलं आणि मग जाम राग आला.

माझं 'फूड पॉयझनिंग'

राग का आला ते सांगते. माझी पहिली नोकरी एका छोट्या जाहिरात एजन्सीत होती. पाळीच्या पहिल्या दिवशी हाफ डे लागायचाच. बॉसला काय सांगणार? मी मेसेज टाकायचे, 'फूड पॉयझनिंग'. पाचव्या महिन्यात त्याने भर मीटिंगमध्ये विचारलं, 'तू दर महिन्याला बाहेरचं खातेस तरी काय?' सगळे हसले. मीही हसले. बरोबरच्या तीन मुलींना खरं काय ते माहीत होतं. त्याही हसल्या.

पुढच्या महिन्यात क्लायंटसमोर माझं पहिलंवहिलं प्रेझेंटेशन होतं. सकाळी नऊला कळ आली. गोळी ड्रॉवरमध्ये होती. मी ठरवलं, थोडा वेळ बघू. दहा वाजता बघू, अकरा वाजता बघू. एक वाजता अगदीच उभं राहवेना तेव्हा घेतली आणि दीडला वॉशरूममध्ये उलटीबरोबर ती बाहेर! प्रेझेंटेशन दुसऱ्याच कुणी केलं आणि नंतर ते अकाउंटही त्याच्याकडेच गेलं. त्याची काही चूक नव्हती, मुलगा चांगला होता.

सतराव्या वर्षी आईने मला डॉक्टरांकडे नेलं होतं. चिठ्ठीवरून मान वर न करता ते म्हणाले, 'या वयात होतंच. पुढे लग्न झालं की बरं वाटेल.' रिक्षात आईनेही तेच सांगितलं. मला त्या वयात त्यातला फंडा कळला नव्हता. बोहल्यावर चढल्याने पोटदुखी थांबते ती नक्की कशामुळे? अंतरपाटामुळे?

हे दुखणं 'नाजूकपणा' नाही

आता सायन्स. घाबरू नका, दहावीच्या पुस्तकापेक्षा सोपं आहे.

१९५७ मध्ये ब्रिटनमधल्या व्ही. आर. पिकल्स या संशोधकाने एक महत्त्वाचं काम केलं. त्यांनी पाळीचा स्रावच तपासायला घेतला आणि त्यात स्नायूंना आकुंचन पावायला लावणारा पदार्थ असल्याचं 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. पुढे हे प्रोस्टाग्लँडिन असल्याचं स्पष्ट झालं. १९६५ मध्ये पिकल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्या बायकांना पाळीत खूप दुखतं त्यांच्या स्रावात हा पदार्थ इतरांपेक्षा जास्त असतो.

होतं असं. महिन्याच्या शेवटी प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन खाली येतं, तसं गर्भाशयाचं अस्तर प्रोस्टाग्लँडिन बनवायला लागतं. त्यामुळे गर्भाशय पिळलं जातं, पिळा धुणं काढताना आपण देतो तसाच. जास्त दुखणाऱ्या बायकांमध्ये आतला दाब पाऱ्याच्या १५० मिलिमीटरच्याही वर गेल्याचं मोजलं गेलंय. आपलं नॉर्मल बीपी वरचं १२० असतं, म्हणजे बाहेरचा दाब रक्तवाहिनीतल्या दाबापेक्षा जास्त! रक्त पोचत नाही, स्नायूला ऑक्सिजन मिळत नाही आणि तो कळवळतो. हार्टला रक्त कमी पडलं की छातीत कळ येते ना? तत्त्व तेच, अवयव वेगळा. हाच पदार्थ थोडाफार रक्तातही उतरतो, म्हणून मळमळ, डोकेदुखी आणि ते जुलाब, ज्याबद्दल मैत्रिणीसुद्धा एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणजे माझं 'फूड पॉयझनिंग' अगदीच थाप नव्हती तर!

१९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवलं, की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतात. या सगळ्या संशोधनाबद्दल १९८२ चं नोबेल त्यांना आणि दोन स्वीडिश शास्त्रज्ञांना विभागून मिळालं. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी त्याच कुळातली औषधं. आपल्याकडे पर्सपर्समध्ये असते ती मेफ्टाल स्पास म्हणजे मेफेनॅमिक ॲसिड आणि त्याबरोबर पेटके सैल करणारं डायसायक्लोमीन.

आता माझ्या ड्रॉवरमधल्या गोळीकडे या. ही औषधं आधीच तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन पुसून काढत नाहीत, नवं बनणं थांबवतात. फरशीवर सांडलेलं पाणी तसंच राहतं, फक्त नळ बंद होतो. नऊला सुरू झालेला नळ मी एकला बंद करत होते! शिवाय पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत या पदार्थाचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. त्यामुळे डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती कळ सुरू होताच घ्यायची आणि पहिले एक-दोन दिवस त्यांनी सांगितलेल्या वेळेला घेत राहायची, हा त्यातला साधा नियम आहे. 'अगदीच सहन झालं नाही तर' ही या गोळीची सगळ्यात वाईट वेळ. मला हे एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरने सव्विसाव्या वर्षी, साडेतीन मिनिटांत समजावलं. आधी कुणी का नाही समजावलं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण खरंच काम करते का?

कॉक्रेन नावाचा संशोधकांचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. जगभरच्या चाचण्या गोळा करायच्या, चाळणीतून गाळायच्या आणि काय उरतं ते सांगायचं, हे त्यांचं काम. २०१५ मध्ये त्यांनी पाळीच्या दुखण्यावरच्या या औषधांच्या ८० चाचण्या तपासल्या, एकूण ५,८२० बायका. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडायचे, एकीला खरी गोळी, दुसरीला औषध नसलेली खोटी. निष्कर्ष असा, की खोटी गोळी घेणाऱ्यांत १८ टक्के बायकांना चांगला आराम पडत असेल, तर खरी गोळी घेणाऱ्यांत ४५ ते ५३ टक्क्यांना पडतो.

हा आकडा मी दोनदा वाचला. एक म्हणजे गोळी नक्की काम करते. दुसरं म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींना तेवढा आराम पडत नाही! 'गोळी घे आणि कामाला लाग' म्हणणाऱ्या मॅनेजर मंडळींनी हा दुसरा अर्धा भाग कापून डेस्कवर चिकटवायला हरकत नाही. अमकी कंपनी तमकीपेक्षा भारी, असंही काही सिद्ध झालेलं नाही. आणि जाता जाता, यातल्या निम्म्याहून अधिक चाचण्यांना औषध कंपन्यांचाच पैसा होता. कॉक्रेनने ते लपवलेलं नाही, मीही का लपवू?

खिडकीतल्या काकूंचं काय? सवय लागते, व्यसन लागतं, हे या औषधांच्या बाबतीत खरं नाही. पण काकू पूर्ण चुकीच्याही नाहीत. ही औषधं पोटाला लागतात म्हणून बिस्कीटवालीचा सल्ला बरोबर. अल्सर असेल, किडनीचा त्रास असेल, ॲस्पिरिनने दमा उसळत असेल तर ती चालत नाहीत. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंगीची शंका असेल तर अजिबात नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. क्वचित काही जणांना त्याची 'ड्रेस' नावाची गंभीर रिॲक्शन येते. त्यात पुरळ, ताप, गाठी आणि आतल्या अवयवांवर परिणाम होतो, आणि तीही गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनी. तेव्हा व्हॉट्सॲपवर 'मेफ्टाल बॅन झाली' असे फॉरवर्ड फिरले. बॅन वगैरे काही नव्हतं, लक्ष ठेवा एवढंच सांगितलं होतं. पण मुळात हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं आहे आणि आपण ते लेडीज डब्यात चॉकलेटसारखं वाटतो, हेही खरंच. मी आता स्ट्रिप काढण्याआधी समोरचीला विचारते, 'आधी कधी घेतली आहेस का?'

आजीची वीट

आमची आजी चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि ओटीपोटावर ठेवायला द्यायची. मी तिला 'आजी, वीट काय, हॉट वॉटर बॅग आण' म्हणून हसायचे. तर आजीच्या विटेवरही चाचणी झालेली आहे! २००१ मध्ये अमेरिकेत ८१ बायकांवर. काहींच्या ओटीपोटाला ३८.९ अंशांचा उबदार पट्टा दिवसाला बारा तास बांधला, काहींना तसाच पण गरम न होणारा. जोडीला कुणाला आयब्युप्रोफेन, कुणाला खोटी गोळी. दोन दिवस पाहिलं, तर नुसत्या उबेने गोळीइतकाच आराम पडला. दोन्ही एकत्र केल्यावर फरक जाणवायला साधारण दीड तास लागला, आणि नुसत्या गोळीला पावणेतीन तास. (पट्टा बनवणाऱ्या कंपनीनेच खर्च केला होता, बरं का. आजीने कुणाकडून पैसे घेतले नव्हते.)

३८.९ अंश म्हणजे चटका नाही, नुसती ऊब. पोटावर लाल चट्टे उठेपर्यंत शेकायची गरज नाही. ऑफिसला जाताना कपड्याच्या आत चिकटवायचे हीट पॅच मेडिकलमध्ये मिळतात. मी वापरते. एसीमध्ये तर स्वर्ग!

व्यायामाचं थोडक्यात सांगते. २०१९ च्या कॉक्रेन पाहणीत आठवड्यातून तीनदा, पाऊण ते एक तास व्यायामाने दुखणं बऱ्यापैकी कमी झालेलं दिसलं, पण चाचण्या १२ आणि त्याही फार पक्क्या नाहीत. करून बघायला खर्च नाही. मी महिनाभर केला, मग दिवाळी आली.

व्हायग्रा आणि पंचवीस बायका

ही गोष्ट मी पार्टीत सांगते तेव्हा कुणाला खरी वाटत नाही. व्हायग्रातलं औषध, सिल्डेनाफिल, रक्तवाहिन्या सैल करतं. पाळीच्या कळांचं मूळच जर रक्त न पोचण्यात असेल तर ते इथेही चालायला हवं, नाही का? अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीचे रिचर्ड लेग्रो आणि क्रोएशियातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. औषध योनीमार्गातून दिलं. २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. खोट्या औषधापेक्षा चार तासांत स्पष्टपणे जास्त आराम, आणि मोठे साइड इफेक्ट्सही नाहीत.

चाचणीत बायका होत्या पंचवीस. ठरवलेला आकडा गाठायच्या आधीच पैसे संपले आणि चाचणी थांबली. पुढच्या मोठ्या चाचणीसाठी लेग्रोंनी अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेकडे निधी मागितला, तो मिळाला नाही. पंचवीस जणींवरून कुठलंही औषध बाजारात आणता येत नाही आणि आणूही नये. म्हणजे गोष्ट तिथेच संपली. त्याच औषधाने पुरुषांच्या बाबतीत १९९८ पासून किती अब्ज डॉलर्सचा धंदा केला, ते तुम्हीच गूगल करा.

जुना हिशोबही आहेच. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायला सांगितलं होतं. हेतू चांगला होता, होणाऱ्या बाळाला धोका नको. तो नियम १९९३ मध्ये बदलला. मधली सोळा वर्षं गेली ती गेलीच.

जेव्हा गोळी हरते

हा भाग पटकन वाचू नका, प्लीज.

नाशिकची माझी मामेबहीण. तिचं दुखणं पाळीच्या चार दिवस आधी सुरू व्हायचं आणि पाळी संपली तरी रेंगाळायचं. संडासला बसलं की कळ. दरवर्षी थोडं जास्त. गोळ्या घेऊन घेऊन ॲसिडिटी झाली, पण कळ जाईना. घरात तिला 'नाटकी' हे नाव पडलं आणि त्यात मीही सामील होते, हे कबूल करते. आठ वर्षांनी दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा कळलं, एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर वाढतो, तो हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे दहा टक्के मुली-बायकांना तो असतो आणि निदानाला वर्षानुवर्षं लागणं हे जगभरचं रडगाणं आहे. परळमध्ये, अगदी आपल्या शेजारी, आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. भारतीय बायकांमधल्या या आजाराचा आणि त्यातल्या आनुवंशिकतेचा अभ्यास तिथून चालवला गेलाय.

दोन-तीन महिने वेळेवर, डॉक्टरांनी सांगितली तशी गोळी घेऊनही फरक नसेल, दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, संबंधांच्या वेळी किंवा संडासच्या वेळी दुखत असेल, तर कृपा करून 'होतंच' म्हणणाऱ्या डॉक्टरांवर थांबू नका. दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आणि आईचं? ती अर्धी बरोबर निघाली. वय वाढतं तसं आणि बाळंतपणानंतर अनेकींचं साधं दुखणं कमी होतं. लग्नाचा मात्र काही संबंध सापडला नाही. आईला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, 'मग मी वेगळं काय म्हणत होते?'

दोन डायऱ्या

आता पाळीच्या आधीचा आठवडा. पीएमएस. ऑफिसात हा शब्द म्हणजे विनोदाचा हुकमी एक्का. बाई चिडली? पीएमएस! बाईने अप्रेझलवर प्रश्न विचारला? पीएमएस! हा प्रकार १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरने पहिल्यांदा नोंदवला आणि १९५३ मध्ये ब्रिटनमधल्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी त्याला आजचं नाव दिलं. डाल्टनबाईंना स्वतःलाच पाळीच्या वेळी मायग्रेन व्हायचं. प्रोजेस्टेरॉन दिलं की बरं होतं, असं त्यांनी आयुष्यभर हिरिरीने सांगितलं. २००१ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या तर त्याचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. म्हणजे बाईच्या दुखण्यावर विश्वास ठेवणारी डॉक्टरसुद्धा औषधाबाबत चुकू शकते. चाचण्या लागतात त्या यासाठीच.

मग खरं कारण काय? १९९८ मध्ये अमेरिकेत पीटर शमिट, डेव्हिड रुबिनॉव्ह आणि सहकाऱ्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. तीव्र पीएमएस असलेल्या बायकांची हॉर्मोन्स औषधाने तात्पुरती बंद केली. त्यातल्या बऱ्याच जणींचा त्रास गेला. मग त्यांना हॉर्मोन्स परत दिली आणि त्रास परत आला. पीएमएस नसलेल्या बायकांवरही सगळं तसंच केलं, त्यांना काहीच झालं नाही! हॉर्मोन्स तीच, पातळीही तशीच, पण काहींचा मेंदू त्यांना वेगळा प्रतिसाद देतो. म्हणून रक्त तपासून पीएमएस सापडत नाही. सापडतो तो फक्त डायरीत. रोज रात्री चिडचिड, उदासी, झोप, दुखणं, सगळ्याला १ ते ६ गुण द्यायचे. निदान दोन महिने, आणि रोजच्या रोज. महिनाअखेरीला आठवून लिहिलं तर आपण नकळत सगळं पाळीच्या खात्यावर टाकतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

मी आणि माझ्या रूममेटने एकाच दिवशी एक्सेल शीट उघडली. मला खात्री होती, मी म्हणजे पीएमएसची चालतीबोलती जाहिरात. ती टेस्टिंगमध्ये आहे, ऐरोलीला. ती म्हणाली, 'मला तसलं काही नाही, माझा स्वभावच खराब आहे.'

दोन महिन्यांनी माझी शीट बघितली. दुखण्याच्या रांगेत पाळीचे पहिले दोन दिवस ५ आणि ६, बाकी महिना १. सुरेख. पण चिडचिडीच्या रांगेत ६ कुठेही! नवव्या दिवशी (पेमेंट आलं नाही), पंधराव्या दिवशी (घरमालक), बाविसाव्या दिवशी (पुन्हा पेमेंट). चक्राशी काही संबंधच नाही. मी तीन वर्षं ज्या रागाला हॉर्मोन्स म्हणत होते, तो चक्क राग होता. मला थोडं वाईटच वाटलं, हक्काचं कारण गेलं!

तिची शीट बघून मात्र दोघीही गप्प झालो. सतराव्या-अठराव्या दिवसापर्यंत सगळीकडे १ आणि २. मग दहा दिवस ५, ६, ६, ६. पाळी आली की दुसऱ्या दिवशी परत १. दोन्ही महिने अगदी तसंच. लॅपटॉपमध्ये तिचे तीन राजीनामे ड्राफ्टमध्ये पडले होते. तिन्हींच्या तारखा त्या दहा दिवसांतल्या. आणि एकदा रात्री गॅलरीत ती म्हणाली होती, 'मी नसले तर सगळ्यांचंच बरं होईल.' मी तेव्हा विषय बदलला होता. तो दिवस कोणता, तेही आता सापडलं. सव्विसावा.

याला पीएमडीडी म्हणतात, पीएमएसचं गंभीर रूप. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन यादीत त्याला स्वतंत्र जागा आहे. डायरीने खात्री करून मोजलं तर साधारण १.६ टक्के बायकांना हा त्रास असतो, असं २०२४ च्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. टक्का छोटा वाटतो, पण हजार बायकांच्या ऑफिसात सोळा जणी झाल्या! यावर सगळ्यात चांगला पुरावा आहे तो डिप्रेशनवरच्या एसएसआरआय गटातल्या औषधांचा. २०२४ मध्ये कॉक्रेनने ३४ चाचण्या तपासून तेच सांगितलं. गंमत म्हणजे डिप्रेशनमध्ये ही औषधं लागू पडायला आठवडे लागतात, इथे काही दिवसांत फरक पडतो. म्हणून काही जणी ती महिनाभर घेतात, काही फक्त पाळीआधीचे दोन आठवडे. मळमळ, थकवा, इच्छा कमी होणं हे साइड इफेक्ट्स आहेतच, आणि मनाने घ्यायची ही औषधं नाहीत. सौम्य त्रास असेल तर १९९८ च्या एका अमेरिकन चाचणीत रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमने तिसऱ्या महिन्यापर्यंत लक्षणं ४८ टक्क्यांनी कमी झाली होती. खोट्या गोळीने मात्र ३० टक्क्यांनी! पीएमएसच्या औषधाची कुठलीही जाहिरात वाचताना हा दुसरा आकडा आधी विचारायचा.

जाहिरातीवरून आठवलं. २००० साली प्रोझॅकचं पेटंट संपत आलं असताना कंपनीने तेच औषध गुलाबी-जांभळ्या कॅप्सूलमध्ये भरून 'सॅराफेम' नावाने पीएमडीडीसाठी आणलं. टीव्हीवर जाहिरात काय, तर सुपरमार्केटच्या ट्रॉलीशी झटापट करणारी वैतागलेली बाई. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच वर्षी कंपनीला सुनावलं, की साधा वैताग आणि हा आजार यातला फरकच तुम्ही पुसून टाकताय. जाहिरात क्षेत्रात काही काळ काढल्यामुळे मला त्या कॅप्सूलचा रंग ठरवणारी मीटिंग अगदी डोळ्यासमोर दिसते.

रूममेटला डॉक्टरकडे न्यायला मला तीन आठवडे लागले. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द ऐकून तिच्या घरून फोनवर फोन. शेवटी ती शीटची प्रिंट घेऊन गेली. डॉक्टर मॅडमनी ती दोन मिनिटं नुसती पाहिली आणि म्हणाल्या, 'माझं अर्धं काम तूच करून आणलंस.' (तुमच्या ओळखीत कुणी 'मी नसले तर' असं म्हणत असेल तर विषय बदलू नका. टेलिमानस ही सरकारची हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीतही.)

आता चार महिने झाले. तिच्या शीटमध्ये अजूनही त्या दहा दिवसांत ३ दिसतात, कधी एखादा ४. सहा नाही. मागच्या मंगळवारी रात्री ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, 'राजीनामा दिला. मेल केला सुद्धा.' माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी काही बोलायच्या आत तिने फोन पुढे केला. एका हातात दुसऱ्या कंपनीची ऑफर, तीस टक्के जास्त पगार, वर्क फ्रॉम होमचे दोन दिवस. आणि दुसऱ्या टॅबमध्ये शीट उघडी.

'बघ,' ती म्हणाली, 'आठवा दिवस आहे.'